करंगळीला जागा हवी

फ्रान्समधल्या साव्वा या डोंगराळ प्रांतात, १८९० साली, जोझेफ ओपिनेल या अठरा वर्षांच्या मुलाने एक घडीचा चाकू बनवला. घरचा धंदा शेतीची अवजारे घडवण्याचा, त्यामुळे लोखंड आणि लाकूड दोन्ही ओळखीचे. लाकडाची मूठ, तिच्यात मिटणारे एक पाते आणि दोघांना जोडणारा एक खिळा, एवढाच तो ऐवज. १८९७ पासून हा चाकू एक ते बारा अशा बारा मापांत मिळू लागला. रूप सगळ्यांचे तेच, फरक फक्त मापाचा. एक नंबरचे पाते जेमतेम २ सेंटिमीटरचे, बारा नंबरचे १२ सेंटिमीटरचे. १९३५ मध्ये यातली दोन मापे बंद झाली. अकरा नंबर गेला, कारण दहा आणि बाराच्या मधे त्याचे वेगळे काम उरले नव्हते. एक नंबर गेला, कारण तो फारच लहान होता.

फारच लहान, म्हणजे कोणाच्या हिशेबाने? पोलादाला लहान असण्याची काहीच अडचण नसते. दोन सेंटिमीटरचे पातेही वस्तऱ्याइतके धारदार करता येते. अडचण असते ती हाताला. चाकू हवा तेवढा लहान करता येतो, हात मात्र तेवढाच राहतो.

घडीच्या चाकूत एक अट जन्मापासूनच असते. पाते मुठीत मिटायचे, म्हणजे ते मुठीपेक्षा आखूडच हवे. शिवाय खिळ्यासाठी पुढे थोडी जागा सोडावी लागते. ओपिनेलच्या आठ नंबरचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे आहे आणि मूठ साधारण अकराची. मोठ्या माणसाच्या तळहाताची रुंदी अंगठा सोडून साधारण आठ ते नऊ सेंटिमीटर भरते. म्हणजे फळ कापायला, दोरी तोडायला, काठी तासायला पुरेल एवढे पाते घेतले, की त्याला सामावणारी मूठ आपोआप चारही बोटांना पुरते. ही गाठ कोणी ठरवून बांधलेली नाही, भूमितीने परस्पर जुळवली आहे. मला यात फार गंमत वाटते. पाते सहा सेंटिमीटरच्या खाली गेले, की ही गाठ सुटते. मूठ तळहातापेक्षा आखूड होते आणि सगळ्यात आधी बेघर होते ती करंगळी.

करंगळीचे ते काय एवढे, असे वाटत असेल तर आत्ताच एक करून बघा. मूठ सैल वळा आणि बोटांची पेरे जिथे तळहाताला मिळतात त्या चार टेंगळांकडे पाहा. आता मूठ करकचून आवळा. तर्जनी आणि मधल्या बोटाची टेंगळे जागची हलत नाहीत. अनामिकेचे किंचित पुढे सरकते आणि करंगळीचे तर स्पष्टपणे आत झुकते. तर्जनी आणि मधल्या बोटामागची तळहातातली हाडे मनगटाशी घट्ट बसवलेली असतात, करंगळीमागचे हाड मात्र हलते. त्यामुळे हाताची ही बाजू वस्तूभोवती खरोखर मिटू शकते. करंगळी पकडीतून काढली, तर पकडीचा जोर सुमारे एक तृतीयांशाने घटतो, असे मोजमापात आढळले आहे. दिसायला सर्वांत किरकोळ बोट, आणि वाटा एवढा!

चाकूच्या बाबतीत नुसत्या जोरापेक्षा त्या बोटाची जागा अधिक मोलाची. ताटात कडक पेरू ठेवून चाकू खाली दाबला, की पेरू पात्याला वर रेटतो. पाते वर उचलले जाऊ लागते आणि मुठीचा मागचा भाग खाली पडू पाहतो. पुढे वरून अंगठा दाबून धरतो, मागे खालून शेवटचे बोट उचलून धरते. हा साधा तरफेचा हिशेब आहे. समजा पेरूचा रेटा दोन किलोचा आहे आणि तो अंगठ्याच्या पाच सेंटिमीटर पुढे लागतो आहे. करंगळी अंगठ्याच्या सात सेंटिमीटर मागे असेल, तर तिला सुमारे १.४ किलोचा भार पेलावा लागतो. मूठ आखूड असल्याने शेवटचे टेकलेले बोट साडेतीन सेंटिमीटरवरच असेल, तर त्याच बोटावर जवळजवळ २.९ किलो येतात. चाकू अर्ध्या बोटाने लहान केला आणि भार दुप्पट झाला! पेरू तोच, धार तीच, तरी लहान चाकूने काम करताना हात लवकर का भरून येतो, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

आखूड मुठीचा दुसरा त्रास तिच्या टोकाचा. मूठ तळहात ओलांडून बाहेर गेली असेल तर टोक हवेत राहते. मधेच संपली तर ते तळहाताच्या मऊ भागात रुतते. तिथे कातडीखाली नसा आणि रक्तवाहिन्या आहेत. आपल्या एका हाताच्या तळव्याकडच्या त्वचेत स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० तंतू असल्याचा अंदाज आहे, आणि टोचणारी कड त्यांच्या नजरेतून सुटत नाही. म्हणूनच जाडीला महत्त्व येते. खिशाला पातळ चाकू आवडतो, हाताला भरीव. तोच दाब अरुंद कडेवर आला की बोचतो, रुंद गोलाईवर पसरला की जाणवतही नाही. खिशाला अडकवायची धातूची क्लिप हेही असेच दुखणे. ती बरोबर बोटांच्या वळणाखाली येते.

मग लहान चाकू बनवणारे करतात काय? अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीच्या ड्रॅगनफ्लाय या चाकूचे उत्तर मला फार आवडते. मिटल्यावर तो सुमारे साडेआठ सेंटिमीटरचा आणि पाते सहाहूनही कमी. पण मुठीच्या पुढच्या टोकापासून पात्याच्या बुडापर्यंत बोट बसेल अशी एक खाच आहे, तिथे धार नाही. तर्जनी तिथे सरकते आणि मागे करंगळीसाठी जागा मोकळी होते. हात पुढे गेल्याने धार जवळ येते आणि शेवटचे बोट लांब जाते, म्हणजे वरच्या हिशेबातले दोन्ही आकडे एकदम सुधारतात. किंमत फक्त एक : धारेची थोडी लांबी गमवावी लागते.

स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सने दुसरी वाट धरली. त्यांचा नेहमीचा लाल चाकू ९१ मिलिमीटरचा, जवळपास तळहाताएवढा. किल्ल्यांच्या जुडग्यात राहणारा लहानगा मात्र ५८ मिलिमीटरचा. तो मुठीत धरायचाच नसतो. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी १९५६ मध्ये हाताच्या पकडीचे दोन मूळ प्रकार सांगितले : तळहाताशी दाबून धरायची जोराची पकड, आणि अंगठा व बोटांच्या टोकांमधली नेमकी पकड. घट्ट बरणी उघडताना आपण पहिलीने सुरुवात करतो आणि झाकण सैल झाले की नकळत दुसरीवर येतो. ५८ मिलिमीटरचा चाकू या दुसऱ्या पकडीचा आहे. धागा, पाकीट, औषधाची पट्टी यांपुढे त्याच्याकडून अपेक्षा ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी तर याहून साधा. मूठ म्हणजे घडी घातलेला पत्रा, आणि पात्याच्या मागे बाहेर आलेली एक छोटी दांडी. तिला अडकण नाही, अंगठाच तिच्यावर दाबून पाते उघडे ठेवतो. पेन्सिलीला टोक काढायला तो उत्तम. तासभर लाकूड तासायला मी तो कोणाला सुचवणार नाही, पत्र्याच्या कडा बोटांत रुततात.

ओपिनेलची मूठ मला या सर्वांत शहाणी वाटते. मधे ती फुगीर आहे, तळहाताचा खळगा भरून काढते. मागे निमुळती होते आणि अगदी टोकाला माशाच्या शेपटीसारखी पुन्हा रुंदावते, म्हणजे करंगळी मागे घसरत नाही. लाकूड कुठेही टोकदार ठेवलेले नाही. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी फिरवून पाते अडकवणारे कडे बसवले. त्याआधी दाबताना पाते बोटांवर मिटण्याची धास्ती असे, आणि धास्तावलेला हात नको तेवढे आवळून धरतो. मोकळेपणा हाही आरामाचाच भाग आहे.

चाकू घेताना पात्याची लांबी विचारण्याआधी तो न उघडता हातात धरा. चारही बोटे मिटा आणि मुठीचे मागचे टोक कुठे येते ते पाहा. करंगळीच्या बाहेर आले तर घ्या. तळहातात टोचले आणि तुम्हाला फळे-भाज्या कापायच्या असतील, तर एक नंबर मोठा मागा.