शरीराचाही रोजमेळ हवा

भुसार मालाच्या व्यापारात माझी चाळीस वर्षे गेली. संध्याकाळी रोजमेळ जुळल्याशिवाय गाळ्याचे शटर खाली ओढायचे नाही, ही वडिलांनी लावलेली शिस्त मी अखेरपर्यंत पाळली. तीन वर्षांपूर्वी दुकान धाकट्या भावाच्या हाती सोपवले आणि मुलाकडे हिंजवडीला राहावयास आलो. आयटी पार्कच्या काचेच्या इमारती घराच्या गच्चीवरून दिसतात. येथील वस्ती तरुण आणि शिकलेली. सकाळी फिरावयास निघालेल्या मंडळींत शेअर बाजारापेक्षा अधिक चर्चा जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची असते, हे प्रथमच पाहिले. त्या चर्चेत मीही ओढला गेलो. त्यातून जे घडले ते समाजबांधवांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिनची गोळी नियमित चालू आहे आणि आम्लपित्तासाठीही एक गोळी अनेक वर्षे घेत आलो. हिंजवडीला आल्यावर काही महिन्यांनी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. फिरायला येणाऱ्या एका स्नेह्यांनी सांगितले, ‘शेठजी, आपण शाकाहारी, बी-१२ कमी असणारच.’ सल्ला चुकीचा नव्हता. मी डॉक्टरांकडे न जाता गोळ्या सुरू केल्या. महिन्यात फरक दिसेना, म्हणून दुसऱ्या नावाची बी-कॉम्प्लेक्स आणली. मग नसांसाठी म्हणून तिसरी, केसांसाठी आणलेली चौथी, शिवाय गुळवेल आणि ड जीवनसत्त्व. आठ महिन्यांत जेवणाच्या टेबलावर नऊ बाटल्या झाल्या आणि मुंग्या पायांवरून हातांच्या बोटांपर्यंत पोहोचल्या.

शेवटी मुलाने मज्जातंतूंच्या तज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘काका, काय काय घेता आणि केव्हापासून?’ चाळीस वर्षांचे देणे-घेणे तोंडपाठ असणारा मी निरुत्तर झालो. घरी आल्यावर सूनबाईंनी सर्व बाटल्या ओळीने मांडल्या आणि लेबले वाचून एका वहीत उतरवून काढल्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘बाबूजी, बी-६ चार बाटल्यांत आहे. रोजची बेरीज १६३ मिलिग्रॅम होते.’

बी-६ म्हणजे पायरिडॉक्सिन. शरीराला त्याची रोजची गरज दोन मिलिग्रॅमच्या आसपास असते. त्याचे प्रमाण दीर्घकाळ फार वाढले तर तेच संवेदनांच्या नसांना इजा करते, आणि त्याचे लक्षण म्हणजे हातापायांना मुंग्या व बधिरपणा. १९८३ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी रोज दोन ते सहा ग्रॅम बी-६ घेणाऱ्या सात जणांची अशी हकीकत प्रसिद्ध केली होती. पुढे त्याहून कमी मात्रेनेही त्रास झाल्याची उदाहरणे नोंदली गेली. अमेरिकेत प्रौढांसाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठरली आहे. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती अवघ्या १२ मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे ज्या दुखण्यावर मी गोळ्या वाढवीत होतो, ते दुखणे त्या गोळ्याच वाढवीत असण्याचा संभव होता.

रक्ताची तपासणी झाली. त्यात बी-१२ भरपूर दिसले. मला हायसे वाटले, पण डॉक्टरांना नाही. ते म्हणाले, ‘आठ महिने गोळ्या घेतल्यावर आकडा वर दिसणारच. सुरुवातीचा आकडा कुठे आहे?’ तो नव्हताच. आरंभीची शिल्लक न मांडता मी खाते उघडले होते.

वास्तविक बी-१२ ची कमतरता आपल्या घराघरांतला प्रश्न आहे, आणि तो पुण्यातच अभ्यासला गेला आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्क्यांवर गेले. त्याच केंद्राने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकांचा दीर्घ अभ्यास चालविला आहे. गरोदरपणी ज्या मातांत फॉलिक ॲसिड भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली, असे २००८ मध्ये त्यातून पुढे आले. एका जीवनसत्त्वाचे पारडे दुसऱ्याशी जोडलेले असते, हे यावरून ध्यानात यावे. प्रौढांतही नुसते फॉलिक ॲसिड घेतल्याने रक्तक्षय सुधारलेला दिसतो, परंतु बी-१२ अभावी होणारी नसांची हानी आतल्या आत चालू राहू शकते.

आपल्या आहारात बी-१२ चा मुख्य स्रोत दूध, दही, ताक आणि पनीर. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम एवढीच आणि यकृतातील साठा काही वर्षे पुरेल इतका. त्यामुळे आयंबिलच्या नऊ दिवसांच्या ओळीने हा साठा रिकामा होत नाही. वर्षानुवर्षे दूधदुभते कमी राहिले, किंवा पचनातून ते अंगी लागेनासे झाले, की तो आटतो. मेटफॉर्मिनच्या आणि आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ चे शोषण घटते, हे मला डॉक्टरांकडून कळले. गल्ल्यावर बसून वेळी-अवेळी चहा पिणाऱ्या आपल्या व्यापारी मंडळींत या दोन्ही गोळ्या किती घरांत आहेत, हे मी सांगावयास नको. गोठ्यातील हिंसेच्या विचाराने दूधही सोडणारे तरुण आता आपल्या कुटुंबांत दिसतात. त्यांच्या भावनेचा आदर ठेवूनही सांगतो, त्यांना बी-१२ बाहेरून घेण्यावाचून पर्याय नाही. हे जीवनसत्त्व कारखान्यात सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने तयार होते. मात्र कॅप्सूलचे आवरण अनेकदा प्राणिज जिलेटिनचे असते आणि ड-३ सहसा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून काढतात. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर हिरवी की तपकिरी खूण आहे, हे पाहिल्यावाचून ती घरात आणू नये. औषध म्हणून मिळणाऱ्या गोळीबद्दल औषधविक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

माझ्या नऊ बाटल्यांतील इतरांचीही कथा ऐकण्याजोगी आहे. ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. मी ती सुदैवाने तशीच घेत होतो. पण आमच्याच फिरण्याच्या मंडळातील एक गृहस्थ ती रोज घेत. म्हणजे आठवड्याला ४,२०,००० एकके. अशाने रक्तातील कॅल्शियम वाढून तहान, बद्धकोष्ठ, मळमळ आणि पुढे मूत्रपिंडाचा विकार होऊ शकतो. केसांच्या गोळीतील बायोटिनमुळे थायरॉईडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात आणि नसलेला आजार कागदावर उमटतो. गुळवेलीविषयी तर मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. करोनाकाळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला सूज आली होती. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख नीट पटविली गेली नसावी, असे म्हटले. वाद तज्ज्ञांचा आहे. आपण एवढेच जाणावे की वनस्पती म्हणून ती निरुपद्रवी, असे गृहीत धरता येत नाही, आणि पुडीत नेमके काय आहे हेही नेहमी कळत नाही.

डॉक्टरांनी माझ्या आठ बाटल्या बंद केल्या. मेटफॉर्मिनमुळे आवश्यक म्हणून बी-१२ ची एक गोळी ठेवली, साखरेवर अधिक लक्ष दिले आणि दर तीन महिन्यांनी बोलाविले. सहा महिन्यांनी हातांच्या बोटांच्या मुंग्या थांबल्या. तळपायांचा बधिरपणा मात्र अजून आहे. मंदिरात अनवाणी उभा राहतो तेव्हा संगमरवराचा गारवा उजव्या पायाला पूर्वीसारखा कळत नाही. मुळात ही व्यथा मधुमेहाची होती, बी-१२ च्या अभावाची होती, की बी-६ च्या अतिरेकाची? मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले की सर्व गोष्टी एकदमच केल्यामुळे आता ते ओळखणे कठीण आहे. आठ महिने मी ज्याला स्वतःवरचा प्रयोग समजत होतो, त्याची एकही नोंद माझ्यापाशी नव्हती.

म्हणून काही गोष्टी विनंतीपूर्वक सुचवितो. गोळी सुरू करण्याआधी रक्ततपासणी करावी आणि तो कागद जपून ठेवावा. एका वेळी एकच गोष्ट सुरू करावी. ती सुरू केल्याची तारीख, मात्रा आणि शरीरात जाणवलेला फरक वहीत लिहावा. प्रत्येक बाटलीवरील घटक वाचून एकाच नावाच्या घटकांची बेरीज करावी, कारण वेगवेगळ्या नावांखाली तोच माल पुन्हा पुन्हा घरात येतो. रक्ततपासणीला जाताना काय घेतो ते प्रयोगशाळेत सांगावे. मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणे ही लक्षणे असतील तर घरी प्रयोग न करता प्रथम डॉक्टरांकडे जावे, कारण नसांची हानी लांबली की ती पूर्ण भरून येईलच असे नाही. दीर्घ तपश्चर्येपूर्वी आपली औषधे डॉक्टरांना दाखवून घ्यावीत.

आपण पाणी गाळून पितो, धान्य निवडून घेतो, भाजी चिरण्यापूर्वी उजेडात धरून पाहतो. ही जयणा आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. तीच सावधानता औषधाच्या बाटलीच्या वाट्याला का येऊ नये?

सूनबाईंनी सुरू केलेली ती वही आता माझ्या उशाशी असते. गेल्या पाडव्याला दुकानाच्या वह्यांचे पूजन भावाने केले. तो हिंजवडीला आला तेव्हा त्यानेही आपल्या तीन बाटल्या पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाला, ‘दादा, जरा बेरीज करून बघ.’ आम्ही दोघे दिव्याखाली लेबले वाचीत बसलो.