घरामागचे बास्केटबॉलचे अंगण : भाव सांगण्याआधी जमीन उकरून पाहा

बास्केटबॉलचे पूर्ण मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. घरामागे एवढी जागा कोणाकडे असणार? परंतु ३० फूट बाय ३० फूट जागा निघाली, तरी एका रिंगवर मुलांचा खेळ चांगला चालतो. नारायणगडच्या आसपास असे काम कोणी सांगितले, तर आमच्या गवंडी बांधवांनी ते जरूर घ्यावे. मात्र साध्या कोब्याचा दर लावून चौरस फुटावर भाव सांगून मोकळे होऊ नये.

या कामात पैसा बुडतो तो जमिनीत. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर टाकलेला कोबा एकदा उचलतो, एकदा खचतो आणि मग तडकतो. मालक शेवटचा हप्ता अडवून धरतो, कारागिराची मजुरी त्यातच जाते. म्हणून आधी दोन-तीन ठिकाणी गुडघाभर खड्डा घेऊन पाहावे. मुरूम लागला, तर वरची माती काढून भागते. काळीच लागत गेली, तर निदान दीड फूट काढून तिथे मुरूम भरावा. चार ते सहा इंचांचे थर द्यावेत, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर किंवा धुम्मस चालवावा. माती फार खोल असेल, तर एवढ्यानेही हालचाल कमी होते, पूर्ण थांबत नाही. हे मालकाला आधीच सांगून कागदावर घ्यावे.

आता हिशेब पाहा. दीड फुटाचा दाबलेला थर म्हणजे साडेतेरा ब्रास. मुरूम दबतो, तेव्हा सतरा-अठरा ब्रास आणावा लागेल. उलट चार इंचांच्या कोब्याला १:१॥:३ या प्रमाणात सुमारे ६८ पोती सिमेंट, सव्वा ब्रास वाळू आणि अडीच ब्रास खडी पुरते; नासधूस वेगळी धरावी. चौरस फुटाच्या दरात हा मुरूम कुठे बसला, हे ज्याने त्याने ताडून पाहावे.

मुरमावर तीन इंच बारीक खडी पसरून दाबावी व प्लॅस्टिक अंथरावे. काटकोन गुण्यावर न सोडता दोरीने ३-४-५ धरून काढावा आणि दोन्ही कर्ण मोजावेत. उतार एकाच बाजूला, शंभराला एक. म्हणजे ३० फुटांत साडेतीन इंच. एका पोत्याला पाणी २५ लिटरच्या आसपास. काम सोपे व्हावे म्हणून वरून बादली ओतली की ताकद गेलीच. दहा-दहा फुटांवर सांधे ठेवावेत. सांधा दुसऱ्या दिवसाच्या आत इंचभर खोल कापला, तर तडा त्याच रेषेत जातो.

आमचे गवंडी कोरडे सिमेंट शिंपडून आरशासारखी घोटाई करतात. घरात ती शोभते. इथे ओल्यावर मुले घसरतील आणि पुढे वरचा पापुद्राही सुटेल. पृष्ठभाग सपाट करून वर झाडू ओढावा, बस्स.

पाणी मारण्याची सोय पाहूनच मुहूर्त धरावा. बीडच्या मे महिन्यात विहिरी आटतात आणि ऊन कोब्यातले पाणी ओढून घेते. दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंतचे दिवस आमच्या मते उत्तम. दहा दिवस कोबा ओला राहिला पाहिजे. बारदान भिजवून वर प्लॅस्टिक झाकले, तर पाणी कमी लागते.

फॅब्रिकेशनवाल्या बंधूंसाठी एक गोष्ट. खांबाचा काँक्रीटचा ठोकळा कोब्याच्या बाहेर, वेगळा भरावा. खांबाचे हादरे कोब्यात जाऊ नयेत. रिंगची उंची ३.०५ मीटर असते आणि ती तयार कोब्यापासून मोजायची असते. कोबा होण्याआधी जमिनीवरून मोजून वेल्डिंग केले, तर खडी आणि कोबा मिळून रिंग सात इंच खाली येते. पेंटरने पट्टे पाच सेंटिमीटर रुंद ओढावेत. फ्री थ्रोची रेषा फळ्याच्या तोंडापासून ४.६० मीटरवर येते. रंग मात्र कोबा २८ दिवसांचा होऊन पूर्ण सुकल्यावरच लावावा.