चिंगमची बंदूक आणि नारळ

नांदेड-लातूरकडं शाळेतून आलेली लेकरं 'मोटू पतलू' हे कार्टून लावून बसतात. त्यातला इन्स्पेक्टर चिंगम नीट बघा: हवेत गोळी झाडली की नारळ त्याच्याच डोक्यात! बंदूक आहे, रक्त नाही. आपल्या केबल टेलिव्हिजन नियम, १९९४ मधला सहावा नियम मुलांच्या कार्यक्रमांबाबत एवढंच म्हणतो की त्यांत शिवीगाळ आणि उघड हिंसा नको.

अमेरिकेत वेगळीच तऱ्हा. १९९४च्या 'स्पायडर-मॅन' मालिकेत साध्या पोलिसांच्या हातीही गोळ्यांऐवजी लेझर सोडणाऱ्या बंदुका! २०२०च्या नव्या 'लूनी ट्यून्स'मध्ये तर सशामागं धावणाऱ्या एल्मर फडची बंदूकच काढली आणि हातात लांब दांड्याचा विळा दिला. डायनामाइट मात्र ठेवला. स्फोट चालतो पण छर्रा नाही, हा हिशोब आपल्याला काही पटत नाही बुवा.