न पडणारी दुचाकी

सायकल शिकताना गुडघा फुटला नाही, असे मूल विरळाच. चार चाकांची गाडी जागच्या जागी स्वस्थ उभी राहते; दुचाकीला मात्र उभे राहण्यासाठी चालत तरी राहावे लागते, नाही तर स्वाराने जमिनीवर पाय तरी टेकावा लागतो. दुचाकी चालत असताना ती ज्या बाजूस कलते, त्याच बाजूस स्वार नकळत हँडल किंचित वळवितो आणि तोल सावरतो. वेग मंदावला की हा उपाय दुबळा होतो, आणि गाडी थांबली की तो अगदीच निरुपयोगी ठरतो.

पाय टेकण्याची ही गोष्ट दिसते तेवढी क्षुल्लक नाही. पाय बाहेर काढावा लागतो, म्हणून दुचाकीला भिंती नाहीत. भिंती नाहीत, म्हणून स्वाराला ऊन, पाऊस आणि आघात यांपासून आडोसा नाही. या उघडेपणाची किंमत फार मोठी आहे. २०२२ साली भारतातील रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील शंभरापैकी सुमारे चव्वेचाळीस माणसे दुचाकीवरून जाणारी होती. मग दुचाकीने आपला तोल आपणच सांभाळला तर? तसे झाले तर स्वाराचे पाय आत राहतील आणि त्याच्याभोवती मजबूत कवच उभारता येईल.

हे कसे साधावे, याचा धडा भोवऱ्यापासून मिळतो. निश्चल भोवरा आरेवर उभा करून पाहा. तो तत्काळ आडवा होतो. तोच जोराने फिरू लागला की ताठ उभा राहतो. सायकलच्या सुट्या चाकावरही हा चमत्कार अनुभवता येतो. चाकाच्या आसाची दोन्ही टोके दोन हातांत घट्ट धरा आणि मित्राला चाक जोराने फिरवावयास सांगा. मात्र कोणाचीही बोटे आऱ्यांत जाणार नाहीत, याची काळजी घ्या. आता आस तिरपा करण्याचा यत्न करा. चाक तुमच्या इच्छेप्रमाणे मुकाट्याने झुकत नाही. ते भलत्याच दिशेला वळू पाहते आणि हातांना चांगलाच हिसका बसतो. या गुणाचा उपयोग करणाऱ्या यंत्राला फ्रेंच शास्त्रज्ञ लेआँ फुको यांनी १८५२ साली 'जायरोस्कोप' हे नाव दिले.

हा हिसका कामी लावण्याची कल्पना शंभराहून अधिक वर्षांची जुनी आहे. लुई ब्रेनन या अभियंत्यांनी एकाच रुळावर धावणारा डबा तयार केला आणि १० नोव्हेंबर १९०९ रोजी इंग्लंडमधील जिलिंगहॅम येथे तो माणसांसह चालवून दाखविला. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर अशी आगगाडी उपयोगी पडेल, या आशेने इंडिया ऑफिसने आणि काश्मीर दरबारानेही या प्रयोगाला पैसा पुरविला होता. परंतु प्रत्येक डब्यात स्वतंत्र चक्रे बसवावी लागणार होती, आणि ती बंद पडली तर काय, ही शंका लोकांच्या मनातून जाईना. ब्रेनन यांची आगगाडी पुढे आली नाही.

प्योत्र शिलोव्स्की या रशियन गृहस्थांनी हेच तत्त्व रस्त्यावर आणले. त्यांच्यासाठी वूल्झली कंपनीने बनविलेली दोन चाकांची मोटार १९१४ साली लंडनच्या रस्त्यांवर चालली. लगेच पहिले महायुद्ध पेटले. शिलोव्स्की मायदेशी परतले आणि कंपनीने ती मोटार चक्क जमिनीत पुरून ठेवली! १९३८ साली ती उकरून काढण्यात आली. पण दहा वर्षांनी तिची मोडतोड करून ती भंगारात घालण्यात आली.

त्या काळी कमतरता होती ती चपळ मेंदूची. गाडी किती कलली हे क्षणात ओळखून चक्राला क्षणात हुकूम देणारे साधन तेव्हा नव्हते. ते साधन संगणकाने दिले. अमेरिकेतील डॅनियल किम हे २००३ साली एक मोटार जुळवीत असताना तिचा अवजड सांगाडा त्यांच्या अंगावर येता येता राहिला. बहुतेक माणसे मोटारीतून एकटीच जातात. मग एवढे धूड हवे कशाला, असा विचार त्यांच्या मनात आला. २०१० साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे लिट मोटर्स ही कंपनी काढली आणि 'सी-१' या विजेच्या बंदिस्त दुचाकीचे नमुने तयार केले. आत एकामागे एक अशी दोन माणसे बसतात. तळाशी दोन चक्रे वेगाने फिरत असतात. गाडी कलू लागली की संवेदक ती वार्ता संगणकाला देतात. संगणकाच्या आज्ञेने चक्रांचे आस झुकविले जातात, आणि त्यातून निर्माण झालेला हिसका गाडीला पुन्हा सरळ करतो. दोन चक्रे परस्परविरुद्ध दिशांना फिरतात, त्यामुळे सावरणारे जोर एकत्र येतात आणि नको असलेले एकमेकांस मारून टाकतात. एका प्रात्यक्षिकात या गाडीला पट्टा बांधून दुसऱ्या मोटारीने बाजूस ओढले. गाडी सरकली, पण पडली नाही.

या वाहनाचे आकर्षण उघड आहे. ते मोटारीपेक्षा अरुंद असल्यामुळे रस्त्यावर व वाहनतळावर कमी जागा अडविते. हलके व निमुळते असल्यामुळे त्याला हवेचा अडथळा कमी होतो आणि थोड्या विजेत ते अधिक अंतर जाते. शिवाय पावसात भिजणे नाही की उन्हात तापणे नाही.

परंतु 'पडत नाही' म्हणजे 'धोका नाही' असे समजणे चुकीचे होईल. ओल्या किंवा वाळू सांडलेल्या रस्त्यावर टायरची पकड सुटली, तर गाडी उभीच्या उभी घसरेल. चक्र तोल देते, पकड देत नाही. समोरून ट्रक आदळला, तर तोल काय कामाचा? तेथे भक्कम सांगाडा आणि बांधून घेतलेला पट्टाच उपयोगी पडतो. २००० साली बाजारात आलेल्या बीएमडब्ल्यूच्या 'सी१' स्कूटरला तोल सांभाळणारे यंत्र नव्हते. पण छप्पर, आघात सोसणारा सांगाडा आणि पट्टे होते. त्यांच्या भरवशावर काही देशांनी तिच्या स्वाराला शिरस्त्राणाची सक्तीही माफ केली होती. राहता राहिली ब्रेनन यांच्या वेळची शंका. वीज खंडित झाली तरी जड चक्र तत्काळ थांबत नाही; ते काही काळ फिरत राहते, आणि तेवढ्या अवधीत गाडी थांबवून तिला आधार देता येतो.

पहिल्या नमुन्यांना दहा वर्षे उलटून गेली, तरी 'सी-१' अजून सर्रास रस्त्यांवर आलेली नाही. तथापि प्रयत्न थांबलेले नाहीत. मुंबईच्या लायगर मोबिलिटी या कंपनीने स्वतःचा तोल सांभाळणारी विजेची स्कूटर जानेवारी २०२३ मध्ये ग्रेटर नोएडा येथील वाहन-प्रदर्शनात मांडली. तिला भिंती नाहीत. परंतु पाय टेकण्याची गरज संपली की भिंतींची वाट मोकळी होते.

तोवर आपल्या दुचाकीचा संवेदक, संगणक आणि चक्र ही तिन्ही कामे स्वारालाच करावी लागणार आहेत. भिंतीच्या जागी त्याच्याजवळ एकच वस्तू आहे, ती म्हणजे शिरस्त्राण. ते खुंटीवर नव्हे, तर डोक्यावर असले पाहिजे.