नक्षी शिल्लक, टायर संपला

२७ ऑक्टोबर २०१३. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर ६० लॅप्सची फॉर्म्युला वन शर्यत होती. सर्वांच्या पुढून सुटलेला सेबास्टियन फेटेल दुसरी लॅप संपताच पिटमध्ये शिरला. गाडी ठणठणीत होती, पंक्चरही नव्हतं. नियमानुसार कोरड्या शर्यतीत मऊ आणि त्याहून कडक असे दोन्ही प्रकारचे टायर वापरावे लागत, आणि मऊ टायर या ट्रॅकवर फार तग धरणार नाही हे संघाला ठाऊक होतं. म्हणून शर्यतीत जेमतेम दहा किलोमीटर चाललेले टायर काढून त्यांनी मोकळं व्हायचं ठरवलं. फेटेल जवळपास ३० सेकंदांच्या फरकाने जिंकला आणि चौथ्यांदा विश्वविजेता झाला.

फॉर्म्युला वनचे टायर दुकानात मिळत नाहीत हे खरं. पण स्वतःची गाडी सर्किटवर पळवायला ट्रॅक डेला जाणाऱ्या हौशी चालकांपुढेही टायर किती टिकतील हा तोच प्रश्न असतो. मुंबई-पुण्याची मंडळी त्यासाठी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला, कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेला किंवा थेट बुद्धवर जातात. त्यातले बरेच जण गाडी चालवत जातात आणि त्याच टायरांवर परत येतात. ‘किती चालतील?’ हा प्रश्न निघाला की उत्तरं मिळतात ती रस्त्यावरच्या हिशेबातली, आणि ट्रॅकवर नेमका तोच हिशेब चुकतो.

पहिला गोंधळ टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्याचा. अमेरिकी पद्धतीनुसार तिथे ‘ट्रेडवेअर’ नावाचा अंक असतो. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४एसवर तो ३०० आहे, टोयोच्या आर८८८आरवर १००, तर हूसियरच्या आर७ या जवळजवळ शर्यतीच्याच टायरवर ४०. यावरून ‘दोनशेचा टायर शंभरच्या दुप्पट चालणार’ असा निष्कर्ष काढला जातो. पण ही चाचणी होते टेक्सासमधल्या सॅन अँजेलोच्या आसपास, सार्वजनिक रस्त्यांवर. ठरलेल्या मार्गावर गाड्यांचा ताफा सुमारे ११,६०० किलोमीटर धावतो आणि झीज एका प्रमाणित टायरशी ताडून पाहिली जाते. ताफा वाहतुकीच्या शिस्तीत चालतो. ताशी दीडशेवरून कचकन ब्रेक मारून वळणात घुसणं त्यात नाही. शिवाय अंतिम अंक सरकार देत नाही, कंपनी स्वतः जाहीर करते.

त्यात आणखी एक गंमत आहे. अमेरिकेत स्पोर्ट्स कार क्लबच्या ऑटोक्रॉस स्पर्धांमध्ये रस्त्यावरच्या टायरांचे जे वर्ग आहेत, त्यांत ट्रेडवेअर किमान २०० असावा लागतो. साहजिकच बाजारात ‘२००’ छापलेल्या, पण मनाने शर्यतीच्याच असलेल्या टायरांची रांग लागली. हॅन्कूकचा व्हेंटस आरएस४ आणि ब्रिजस्टोनचा पोटेन्झा आरई-७१आर, दोन्हींवर २००. त्यातला पहिला चिवट म्हणून ओळखला जातो. दुसरा झटपट वेळ देणारा, पण तितक्याच झटपट झिजणारा. आकडा सारखा आणि स्वभाव दोन टोकांचे. ट्रॅकसाठी टायर निवडताना या अंकावर विसंबण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: नक्षी आहे तोवर टायर जिवंत. रबराला ताकद येते ती गंधकाच्या बंधांमुळे, आणि कारखान्यात ते तयार झाल्यावर प्रक्रिया कायमची थांबते असं नाही. ट्रॅकवर टायर चांगलाच तापतो, मग पिटमध्ये उभा राहून थंड होतो. या एका फेरीला हीट सायकल म्हणतात. प्रत्येक फेरीत बंध थोडे वाढतात, रबर मऊ ठेवणारी तेलं थोडी कमी होतात आणि टायर कडक होत जातो. शाळेच्या कंपासपेटीत वर्षभर पडून राहिलेलं खोडरबर आकाराने पूर्ण असतं, पण खोडण्याऐवजी कागद काळा करतं. हीट सायकल संपलेल्या टायरचं तेच होतं. खाचा खोल दिसतात, पकड गेलेली असते, आणि स्टॉपवॉच ते आधी सांगतं. म्हणून ट्रॅकवरचे जाणते लोक टायरची नोंद किलोमीटरमध्ये ठेवत नाहीत, सत्रांमध्ये ठेवतात. नव्या कोऱ्या टायरची पहिली फेरी सौम्य ठेवायची आणि नंतर त्याला किमान एक दिवस विश्रांती द्यायची ही पद्धतही त्यातूनच आली. अमेरिकेतला एक मोठा विक्रेता तर पैसे घेऊन टायर आधीच यंत्रावर तापवून देतो.

हाच विक्रेता आणखी एक सेवा देतो, जी ऐकून आपल्याकडचा टायरवाला कपाळाला हात लावेल: नव्या टायरची नक्षी तासून कमी करणं. कारण कोरड्या ट्रॅकवर उंच नक्षीचे ठोकळे भाराखाली डोलतात, त्या डोलण्याने तापतात आणि त्यांचे तुकडे उडू लागतात. कमी उंचीची नक्षी स्थिर राहते, कमी तापते आणि कोरड्यात जास्त पकडही देते. पावसात मात्र चित्र उलटं होतं. पाणी बाहेर फेकायला खाचाच हव्यात.

हवेबद्दल तर प्रत्येकाचं स्वतंत्र मत असतं. कुणी ‘ट्रॅकवर हवा जास्त हवी’ म्हणतो, कुणी ‘कमी’. दोघंही थंड टायरबद्दल बोलत असतात आणि तिथेच फसतात. दर साडेपाच अंश सेल्सिअसला दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. सकाळी ३० अंशांत ३० पीएसआय भरले आणि आतली हवा ८० अंशांवर गेली, तर दाब ३७च्या पुढे जातो. टायर मध्ये फुगतो, जमिनीला टेकणारा पट्टा अरुंद होतो आणि मधलं रबर भाजून निघतं. म्हणून लक्ष्य ठरवायचं ते गरम टायरच्या दाबाचं: सत्र संपवून आलं की लगेच गेज लावायचा आणि जादा हवा सोडायची. नायट्रोजन भरल्याने यातून सुटका होईल असं सांगणारे भेटतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि वायूचा नियम दोघांना सारखाच लागू. फरक पडतो तो हवेतल्या दमटपणाने, तेवढाच.

टायर कुठे मरतो हे पाहायला पिटमध्ये दोन मिनिटं पुरतात. काही जण सत्राआधी टायरच्या कडेवर, नक्षीपासून खाली बाजूपर्यंत, खडूची रेघ ओढतात. परत आल्यावर रेघ कुठवर पुसली गेली ते बघायचं. ती बाजूवरच्या छोट्या त्रिकोणाच्या खूप खाली पुसली असेल, तर टायर वळणात कडेवर लोळतोय. मग सुईचा तापमापक घेऊन आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला रबरात टोचतात. दुरून मोजणारी इन्फ्रारेड बंदूक वरचाच थर मोजते, आणि तो पिटपर्यंत येताना निवतो. साध्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकमध्ये बाहेरची कडा बहुतेकदा सर्वांत गरम निघते. ब्रेक, वळणं आणि ओढणं ही तिन्ही कामं पुढचीच चाकं करतात आणि कारखान्यातून आलेला कॅम्बर, म्हणजे चाकाचा तिरकेपणा, रस्त्यापुरताच असतो. परिणाम असा की बाहेरची कडा गोटा झालेली असते, आणि मध्ये नक्षी नव्यासारखी. टायरवर फिरण्याची दिशा किंवा आत-बाहेरची बाजू ठरवून दिलेली नसेल, तर तो रिमवर उलटा बसवून आणखी काही दिवस काढता येतात. बुद्ध सर्किट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आहे आणि दहाव्या-अकराव्या वळणाचा लांबच लांब उजवा वळसा डाव्या पुढच्या टायरचा जीव घेतो. तिथे चारही टायर एकसारखे झिजतील ही अपेक्षाच चुकीची.

‘मी कुठे एवढा वेगात जातो, माझे टायर टिकतील’ हा दिलासाही तपासून घ्यावा. नवशिका वळणात उशिरा ब्रेक मारतो, गाडी सरळ जाऊ लागली की स्टीअरिंग आणखी वळवतो, आणि पुढचे टायर आडवे घासत राहतात. सराईत चालक त्याच गाडीत कमी वेळ घेऊनही टायर वाचवतो. एका चुकीची किंमत किती असू शकते हे २००५ साली न्यूर्बर्गरिंगवर दिसलं. त्या वर्षी शर्यतीत टायर बदलायला बंदी होती. आघाडीवरच्या किमी रायकोनेनचं पुढचं चाक ब्रेकखाली अडकलं, टायरवर सपाट चट्टा पडला आणि त्याच्या हादऱ्यांनी शेवटच्या लॅपमध्ये सस्पेन्शन तुटलं. जिंकला फर्नांडो अलोन्सो.

मग आकडा? ढोबळ अंदाज द्यायचाच तर एक टनाच्या आतली हॅचबॅक, चिवट प्रकारचा टायर आणि बरी अलाइनमेंट असेल तर एक संच काही ट्रॅक डे निभावतो. दीड-पावणेदोन टनांची ताकदवान सेडान पुढची जोडी एकदोन दिवसांत संपवू शकते. याहून नेमका आकडा कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तो स्वतःच्या गाडीचा सांगतोय.

चेन्नईहून पुण्याला परतायचं म्हणजे जवळपास बाराशे किलोमीटरचा महामार्ग आणि पावसाळ्यात वाटेत कुठेही साचलेलं पाणी. दिवसभर सोडलेली हवा संध्याकाळी परत भरायची असते, हे थकल्यावर हमखास विसरलं जातं. टायर पूर्ण निवल्यावर दरवाजाजवळच्या पट्टीवरचा दाब भरा, हात फिरवून आतल्या-बाहेरच्या दोन्ही कडा तपासा. नक्षी कुठेही १.६ मिलिमीटरच्या खुणेला टेकली असेल किंवा तारा दिसत असतील, तर तो टायर तिथेच बदला. दुसरा संच ट्रॅकवर न्यायची सोय असेल तर रस्त्याचे टायर रस्त्यासाठीच ठेवा.