यंत्राचें मराठी गाऱ्हाणें

यवतमाळनें १९७३ आणि २०१९ या दोन वर्षीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें आतिथ्य केलें. मराठी ही ज्ञानभाषा व्हावी, ही आकांक्षा अशा मांडवांत व्यक्त होतच असते. परंतु तिची कसोटी पुसद, वणी, दारव्हा येथील घरांतून जीं मुलें-मुली आज संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकत आहेत त्यांच्या पडद्यावर लागते. यंत्र अडलें म्हणजे तें आपलें गाऱ्हाणें कोणत्या भाषेंत सांगतें?

व्यवस्था अशी कीं, आज्ञावलींतील निरोप बहुधा इंग्रजींत लिहितात आणि भाषांतराची निराळी वही ठेवतात. ‘ग्नू’ प्रकल्पाचें ‘गेटटेक्स्ट’ हें साधन १९९५ पासून हेंच काम करीत आलें आहे. यंत्राची भाषा मराठी ठरविलेली असली म्हणजे वहींतलें मराठी वाक्य दिसतें. वहींत नसेल तर इंग्रजीच राहतें.

ऐकावयास सोपें, पण येथें व्याकरण आडवें येतें. इंग्रजींत ‘अमुक नॉट फाउंड’ हा एकच सांचा पुरतो. मराठींत फाइल सांपडली नाहीं, फोल्डर सांपडला नाहीं आणि चित्र सांपडलें नाहीं! रिकाम्या जागीं कोणतें नाम येणार हें भाषांतरकारास ठाऊक नसतें. मग क्रियापद कोणत्या लिंगीं चालवावें? विभक्तीचें तर विचारूंच नये. फाइलीचें नांव ‘जमाखर्च’ असेल तर ‘जमाखर्चला’ हें अशुद्ध, आणि ‘जमाखर्चाला’ म्हणावें तर त्या नांवाची फाइलच नाहीं. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें तेव्हां सामान्यरूप एखाद्या यंत्राची वाट अडवील हें त्यांच्या स्वप्नींही नसेल. जाणते भाषांतरकार ‘जमाखर्च या फाइलीला’ असें लिहितात. नांव अविकृत राहतें आणि प्रत्यय शेजारच्या शब्दास लागतो. मात्र मूळ लेखकानेंही तुकडे न जोडतां प्रत्येक वस्तूसाठीं अखंड वाक्य दिलें पाहिजे. पुष्कळजण तें देत नाहींत.

याहून गंभीर घोटाळा निराळाच. कित्येकदां एक आज्ञावली दुसरीचा निरोप वाचून निर्णय घेते. तिला ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ एवढींच अक्षरें ओळखावयास शिकविलेलें असतें. कोणीं हौसेनें यंत्राची भाषा बदलली कीं तीं अक्षरें सांपडत नाहींत, आणि सर्व कांहीं ठीक आहे असें समजून ती पुढें चालूं लागते. म्हणून शब्दांवर न विसंबतां अंकावर विसंबावें. लिनक्समध्यें या चुकीचा अंक २ आहे. भाषा कोणतीही असो, तो २ च. ‘ओरॅकल’मध्यें कोष्टक नसल्याची चूक ९४२ या अंकानें ओळखतात.

मग मराठी हवीच कशाला, असें घरांतील वडील मंडळी विचारतील. पेरणीच्या धांदलींत पीकविम्याचा अर्ज भरणाऱ्या कापूस-उत्पादकास ‘इन्व्हॅलिड इनपुट’ या शब्दांनीं काय बोध होणार? मुदत टळली तर नुकसान त्याचें. त्यास ‘सातबाऱ्यावरील गट क्रमांक पुन्हां तपासा’ असें स्वच्छ सांगितलें पाहिजे. तोच प्रसंग यंत्राच्या आंतल्या नोंदवहींत मात्र अंकासह इंग्रजींत उतरावा, म्हणजे दूर बंगळुरास बसलेल्या दुरुस्ती करणाऱ्यासही तो कळेल.

शिकणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. मराठी निरोप जसाच्या तसा शोधावयास घातला तर उत्तर क्वचितच हातीं लागतें, कारण त्या चुकीची चर्चा जगभर इंग्रजींत झालेली असते. लिनक्सवर आज्ञेच्या आधीं ‘एल-सी-ऑल’ या सूचकास ‘सी’ ही किंमत दिली कीं तेवढ्या आज्ञेपुरता मूळ इंग्रजी निरोप दिसतो. बाकी यंत्र मराठींतच राहतें.