अपुरा पडदा

मराठीच्या मास्तराने हृदयावर लिहावे, यात नवल ते काय? कवितेच्या तासाला तो शब्द घटकेघटकेला येतोच! परंतु वाचकहो, आजचे हृदय कवीचे नाही, कासवाचे आहे.

गेल्या हिवाळ्यात महाविद्यालयाच्या शिबिराबरोबर मी अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीला गेलो होतो. सरदार सरोवराच्या बुडिताखाली आलेले हे महाराष्ट्रातले पहिले गाव. १९९३ च्या पावसाळ्यात येथली घरे पाण्यात गेली. त्या पाण्यातून आमची नाव चालली असता, खडकावर ऊन खात बसलेले एक कासव डुबकन बुडाले, ते बराच वेळ वर आलेच नाही.

"गुदमरले की काय हो?" मी विचारले.

प्राणिशास्त्राचे आमचे प्राध्यापक मित्र हसले. "अहो, त्याच्या हृदयाची ठेवणच निराळी!"

मग त्यांनी सांगितले ते असे. आपल्या हृदयात वर दोन कर्णिका आणि खाली दोन जवनिका असतात. कासवाला कर्णिका दोन, पण जवनिका एकच. तिच्यात एक मांसल पडदा असतो, तोही अपुरा. फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त आणि शरीरातून आलेले अशुद्ध रक्त या एकाच खोलीत उतरते. तरी एरवी त्यांची सरमिसळ बेताचीच होते. तेथून तीन मोठ्या वाहिन्या निघतात. एक फुप्फुसांकडे जाते, बाकीच्या दोन महाधमन्या. उजवीच्या शाखा डोके व पुढच्या पायांना रक्त पुरवतात, डावीच्या पोटातील अवयवांना.

कासवाने बुडी मारली, की ठोके मंदावतात आणि फुप्फुसांकडची धमनी आकसते. जेथे नवी हवाच नाही, तेथे रक्त धाडून उपयोग काय? ते रक्त पडद्याला वळसा घालून महाधमन्यांत शिरते व शरीरात पुन्हा फिरते. वर येऊन श्वास घेतला, की फुप्फुसांची वाट मोकळी!

मी गप्प झालो. माझी भाची तीन महिन्यांची असताना दूध पितापिता तिला धाप लागे, वजन वाढेना. जवनिकांमधल्या पडद्याला भोक निघाले. पुढे शस्त्रक्रियेने ते बुजले, पोरगी शाळेत धावू लागली; पण बहिणीच्या मनातले सल गेले नव्हते. गरोदरपणी ग्रहणात विळी हाती घेतली, म्हणून हे झाले, असे तिला वाटे.

मित्राला मी ते सांगितले. ते म्हणाले, "आईच्या पोटात तुमच्याआमच्या हृदयालाही आधी एकच जवनिका असते. पडदा सुमारे आठव्या आठवड्यापर्यंत पुरा होतो. एखाद्याचा राहून जातो. त्यात विळीचा काय दोष?"

परतल्यावर तडक बहिणीकडे गेलो आणि पाटीवर दोन्ही हृदये काढून दाखवली. भाची दाराआडून ऐकत होती.

"म्हणजे मामा, मी थोडी कासव होते?"

बहीण हसली, मग डोळ्यांना पदर लावला. त्यानंतर त्या विळीचे नाव तिच्या तोंडून मी ऐकलेले नाही.